कादंबरीत कारण दिलं होतं

गाडी पुन्हा पिवळी झाली. काल संध्याकाळी धुतली होती, आज सकाळी बॉनेटवर बोटानं लिहिता येईल इतका थर. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मार्चच्या मध्यावर हे सुरू होतं. पाइनची झाडं आपला पराग टाकायला जागा निवडत नाहीत. घरामागच्या लाकडी डेकवरच्या खुर्च्या, पत्रपेटी, शेजारच्या काळ्या कुत्र्याची पाठ, सगळं एका रंगाचं. पाऊस पडला की पार्किंगच्या कडेनं हळदीचं पाणी वाहतं. नवीन आलेले लोक फोटो काढून भारतात पाठवतात. जुने लोक ॲलर्जीची गोळी घेतात, खिडक्या लावतात आणि एप्रिल संपायची वाट बघतात.

मी जुनी. गोळी घेतली, खिडक्या लावत सुटले. शेवटच्या खिडकीचा खटका पडला आणि दरवर्षीप्रमाणे मी तो पुन्हा उघडतो ना ते एकदा बघून घेतलं. ही खोड ॲलर्जीची नाही. तीन वर्षांपूर्वी मी या खिडक्या लावल्या आणि अकरा आठवडे घरातच राहिले, त्याची आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी माझं कामाच्या परवानगीचं कार्ड संपलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना हे कार्ड दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. दोनदा काही न बोलता झालं होतं. तिसऱ्यांदा अर्ज वेळेत करूनही कार्ड आलं नाही, पत्र आलं. इथे ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं, म्हणून तेही त्याच दिवशी संपलं. मॉरिसव्हिलमध्ये गाडी न चालवणारं माणूस म्हणजे घरातलं फर्निचर. चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, कॉलनीतलं तळं. त्याला एक फेरी मारून येईपर्यंत डोळे सुजायचे.

घरात मी आणि सासूबाई. त्या जानेवारीत नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा नितीन आठ वाजता ऑफिसला निघायचा, मुलगी मैत्री त्याआधीच्या बसने शाळेला. ती तेव्हा अकरावीत होती. मग दुपारी चारपर्यंत बंद खिडक्या, हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर आणि चिनी मालिका.

मालिका सासूबाईंच्या. नागपूरला असतानाच त्यांना नाद लागला होता. तिथे त्या मोबाइलवर हिंदीत डब केलेल्या बघायच्या, इथे आमच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर. किनखाबी झगे, केसांत पिना, बर्फात गुडघे टेकून बसलेली माणसं. एकाच सोफ्यावर बसायचं तर किती वेळ दुसरीकडे बघणार? तिसऱ्या दिवशी मीही बघायला लागले. सासूबाईंनी ओळखी करून दिल्या.

"ही मोठी बाईसाहेब. ही तिची सवत. अन् हा पांढऱ्या केसाचा म्हणजे गुरू. म्हातारा नाही बरं तो, जवानच आहे. दुःखानं पिकले त्याचे."

"एका रात्रीत?"

"तुले काय करायचं? पिकले म्हणजे पिकले."

ही मालिका एका कादंबरीवरून केलेली होती, आणि ती कादंबरी मैत्रीनं वाचलेली होती. हौशी वाचक इंटरनेटवर अशी भाषांतरं टाकतात, ती त्या मुलांच्या पिढीला पाठ असतात. तिनं सांगितलं की कादंबरीचं नाव सरळ आहे, 'सेनापतीच्या घरची धाकटी सून'. मालिका करताना तिला चार अक्षरी भारदस्त नाव दिलं, धुकं आणि रेशीम असलं काहीतरी. इंग्रजीत त्याचं चंद्राचं काहीतरी झालं. हिंदीत 'बहू बनी तूफान'.

"असंच असतं," मैत्री म्हणाली. "नॉव्हेलचं नाव ठेवत नाहीत. पात्रांची नावंपण चेंज करतात कधी कधी. फॅन्स खूप चिडतात."

"एका गोष्टीची चार नावं," मी म्हणाले. "आणि इथे एका बाईची दोन आहेत तर ऑफिस अडून बसलंय."

ते पत्र त्याबद्दलच होतं. माझ्या लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव वैशाली आहे. पासपोर्टवर सुजाता. या दोघी एकच बाई आहेत याचा पुरावा द्या, असं ऑफिस विचारत होतं. यात ऑफिसचं काही चुकत नव्हतं. मी औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासते. एका पानावर एक नाव आणि दुसऱ्या पानावर दुसरं दिसलं तर मी ती फाइल परत पाठवते, कारण लिहून आणा म्हणते. सात वर्षं मी लोकांच्या फाइली परत पाठवत होते, त्या वर्षी माझी आली होती.

वैशाली हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. पिंपरीच्या कारखान्यात कामाला होते, रविवारी विहारात जाऊन पुस्तकं वाचायचे. त्यातलं ते गणराज्याचं शहर त्यांना आवडलं. चोवीस वर्षं मी वैशाली होते. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहिण्याचा प्रकार आमच्यात नव्हताच. नागपूरला सासरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "आजपासून तुझं नाव सुजाता." एवढंच. मी चहा घेतला. प्रवासानं शिणलेली होते, घर परकं होतं, नितीनला दोन महिन्यांत अमेरिकेला जायचं होतं. नावावरून भांडायला मला तेव्हा जमलं नाही. पासपोर्ट त्याच नावानं निघाला, आणि मग सगळंच त्या नावानं.

भांडले नाही, पण विसरलेही नाही. माझा भाऊ संजय एकदा नागपूरला आला होता. दारातूनच ओरडला, "वैशू, पाणी दे गं!" सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि तो जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. संजय पुढे दहा वर्षं हा किस्सा सांगायचा. "बाप रे, तुझी सासू! नाव काय घेतलं, जणू शिवी दिली."

वकिलानं फोनवर सांगितलं की दोन शपथपत्रं लागतील. एक माहेरच्या माणसाचं, एक सासरच्या. नाव बदलल्याचं ज्यांना तेव्हापासून माहीत आहे त्यांचं हवं, नवऱ्याचं नको. कधी बदललं, कोणी बदललं, का बदललं, सगळं त्यात हवं. संजयनं पिंपरीहून चार दिवसांत पाठवलं. कंपनीतली माझी वरिष्ठ डेनिस भली बाई, तिनं मेच्या अखेरीपर्यंत माझी जागा राखते म्हणून सांगितलं होतं. "त्यानंतर मला कोणीतरी घ्यावंच लागेल, सू," असं म्हणाली होती. तिथे मी सू. हे तिसरं.

दुसऱ्या शपथपत्राचं माणूस माझ्या शेजारी सोफ्यावर बसलेलं होतं.

"आई, तुम्हाला एक कागद लिहून द्यावा लागेल. तुम्ही माझं नाव बदललं म्हणून."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही. "देते ना. सही करते."

"का बदललं तेही लिहायचंय."

"लिही काहीबाही."

मी काहीबाही लिहीत नाही, तो माझा पेशा नाही. तरी निकड होती म्हणून दुसऱ्या दिवशी टाइप करून आणलं. घराण्याच्या रीतीप्रमाणे सुनेचं नाव बदललं, असं एक वाक्य. वकीलही म्हणाला होता की तेवढं चालेल. मी ते मराठीत वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा काढला.

"हे खोटं आहे."

"म्हणजे?"

"आमच्यात रीत नव्हती. बाबासाहेबांच्या मागे गेलो तेव्हा असल्या साऱ्या रीती टाकून दिल्या. सुनेचं नाव बदलायची रीत होती असं मी माझ्या सहीनं लिहून देऊ? मी नाही देत."

"मग खरं काय ते सांगा. ते लिहिते."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. रिमोट घेतला आणि मागचा भाग पुन्हा लावला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला दिवस म्हणून आठवत नाही, आवाज म्हणून आठवतं. यंत्राची घरघर. सासूबाईंचं खोकणं. माझं शिंकणं. टपालाची गाडी यायची ती तीन वाजता, तिचा ब्रेक कोपऱ्यावर करकरायचा. मी काचेतून बघायची. काचेच्या बाहेरच्या बाजूलाही पराग, त्यामुळे रस्ता जुन्या फोटोसारखा दिसायचा. डेकच्या कठड्यावर एक लाल पक्षी येऊन बसायचा आणि उडाला की त्याच्या पायांचे दोन ठसे पिवळ्यात उरायचे. तेवढीच काय ती बाहेरची हालचाल. उत्तर द्यायची मुदत फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती. दूध काढायला गेलं की ती दिसायची. आम्हा दोघींनाही दिसायची.

बोलणं बंद नव्हतं. मीठ, कुकरच्या शिट्या, औषधाची वेळ, एवढं चालू होतं. नितीन दोघींच्या मधे येत नव्हता. मी त्याला विचारलं, "तुला माहितेय का, का बदललं?" तो म्हणाला, "मला वाटलं तुलाच आवडत नव्हतं." वीस वर्षांहून जास्त संसार झाला होता.

आणि त्यातच हिंदी संपली. मालिका चाळीस भागांची, डब केलेले सव्वीसच. पुढचे भाग चिनी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. सूनबाई निकामी बसलेल्याच होत्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मग मी वाचायला लागले. सासूबाई शपथपत्राला हात लावत नाहीत आणि मी रोज दुपारी दोन तास त्यांना सेनापतीच्या घरातली कारस्थानं मराठीत सांगतेय. वरून घोळ हा की हिंदीवाल्यांनी दासींची नावं गुलाब, चंपा अशी करून टाकली होती, आणि खाली अक्षरांत त्यांची मूळ नावं. "ही कोण आता?" "तीच आपली चंपा." "मग चंपाच म्हण ना. कशाला बुचकळ्यात पाडून राहिली?"

नावांचं त्या मंडळींचं शास्त्र मोठं. आडनाव आधी, नाव नंतर. लग्न झालं तरी बाई बापाचंच आडनाव लावते. यावर सासूबाई खूष झाल्या. मग शनिवारी मैत्रीनं त्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. "पण आजी, तिचं फर्स्ट नेम कोणी घेतच नाही. बघ ना. हिरॉइनच्या आईला नावच नाहीये." खरंच नव्हतं. ती फक्त अमक्या घराण्यातली. मुलींना क्रमांक, पहिली, दुसरी, तिसरी. मुलगा वीस वर्षांचा झाला की त्याला मोठेपणाचं दुसरं नाव मिळतं आणि जन्माचं नाव आई-बाप, गुरू आणि राजा एवढ्यांनीच घ्यायचं. शत्रूनं जन्माच्या नावानं हाक मारली की ओळखायचं, तलवारी निघणार. आणि वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचंच नाही. आपण आजीचं नाव नातीला ठेवतो, तसं तिथे केलं तर तो अपमान.

"माझं नाव कोणी ठेवणार बी नाही," सासूबाई म्हणाल्या. पासपोर्टवर त्यांचं नाव सखूबाई आहे. "माझी माय दगडी. तिची बहीण धोंडी. नावं काय ती? गावानं मारलेल्या हाका. ठेवलेली नाही, फेकलेली."

मैत्री फोनमधून मान वर करून बघत राहिली. माझ्या मुलीला तिचं नाव ठेवायला आम्ही तीन महिने घेतले होते. हॉस्पिटलमधून निघताना फॉर्मवर लिहायला ते तयार होतं.

तो एप्रिलमधला रविवार होता. मुदतीला नऊ दिवस राहिले होते. नितीन गाडीवरचा पराग धुवायला बाहेर गेला होता, पाण्याचा आवाज भिंतीतून येत होता. सासूबाई जमिनीवर दुकानाची जाहिरातपत्रं पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मैत्री सोफ्यावर आडवी. मी वाचत होते. एकतिसावा भाग.

घरात दुसरी सून आली. तिच्याबरोबर माहेरची दासी, पंधरा-सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची. नव्या सुनेनं तिला हाक मारली, तशी घरच्या मोठ्या बाईसाहेबांचा चेहरा दगड झाला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, आजपासून या मुलीचं नाव हे नाही. दुसरं नाव सांगितलं. दासीनं गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. नवी सून ओठ चावत उभी राहिली.

मी वाचायची थांबले होते.

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाव बदललं त्या मुलीचं."

"काहून?"

"सांगितलं नाही. मोठी आहे घरची. तिला वाटलं, बदललं."

"असं कसं? कोणी उगीच बदलते काय?"

"बदलतात, आई," मी म्हणाले. "उगीचच बदलतात. चहाचा कप हातात असतो आणि बदलतात."

मेथीची पानं खुडायचा आवाज थांबला. बाहेर पाणी चालू होतं. मैत्रीला मोठ्यांच्या खोलीतली हवा कधी कळते, कधी कळत नाही. त्या दिवशी कळली नसावी.

"नो, रीझन आहे," ती फोनवर बोट सरकवत म्हणाली. "नॉव्हेलमध्ये आख्खा चॅप्टर आहे. सिरीजवाल्यांनी कापला. त्या लेडीला एक मुलगी होती, ती लहानपणी वारली. तिच्या नावात चंद्र होता. या मेडच्या नावातपण तोच आहे. म्हणून त्या घरात तो शब्दच कोणी बोलत नाही. चंद्राचे केक असतात ना त्यांच्या फेस्टिव्हलला, त्यांनापण दुसरं काहीतरी म्हणतात. ती मीन नाहीये, आई. तिला ऐकवत नाही, दॅट्स ऑल. सिरीज बघून सगळे तिला व्हिलन समजतात."

पडद्यावर बाईसाहेब खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या होत्या. मघाशी मला तो तोरा वाटला होता.

"किती वर्षांची होती?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण?"

"त्या बाईची पोट्टी. पुस्तकातली."

"आय थिंक पाच. सहा?"

"माझी साडेचार होती."

हे त्या मेथीकडे बघून म्हणाल्या. मैत्री उठून बसली. मी टीव्ही बंद केला नाही, थांबवला. हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

त्यांनी जे सांगितलं ते फार नव्हतं. नितीनच्या आधी एक मुलगी झाली होती. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहारात बसून पुस्तकातून नाव काढलं होतं. वैशाली. "दगडी, धोंडी, सखू, अन् मग वैशाली," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं पहिलं निवडून ठेवलेलं नाव. मला नीट म्हणता बी येत नव्हतं आधी. वस्तीतल्या बाया हसत. मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारायची. सारी गल्ली ऐकली पाहिजे." तीन दिवस ताप आला. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्यानंतर घरात ते नाव कोणी घेतलं नाही. ठरवून नाही, कोणाच्यानं झालंच नाही. दोन वर्षांनी नितीन झाला. मग त्याचं लग्न ठरवायची वेळ आली आणि मुलीचं नाव त्यांच्या समोर आलं.

"मुलगी चांगली होती," त्या म्हणाल्या, म्हणजे मी. "नावासाठी नाही कसं म्हणू? वाटलं, घेऊ सवय करून. पहिल्या दिवशी तुझ्या भावानं हाक मारली मंडपात. मी मागे वळून पाहिलं, सुजाता. साडेचार वर्षांची शोधली मी मंडपात. मग नाही जमलं मले."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. चोवीस वर्षांचं नाव एका कपभर चहात गेलं, आणि त्याचं कारण सांगायला एवढी वर्षं आणि एक चिनी दासी लागली. राग बराच वेळ होता. तो असतानाच मी खाली बसले आणि त्यांच्यासमोरची मेथी निवडायला घेतली, कारण ती तशीच पडली असती तर काळी पडली असती.

नितीन बाहेरून आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आम्हा तिघींचे चेहरे बघून दारातच थांबला.

"काय झालं?"

मैत्रीनं सांगितलं. तो पायपुसण्यावरच उभा राहिला. आपल्याआधी एक बहीण होती एवढंच त्याला माहीत होतं.

"आई, मला नावसुद्धा सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलं कधी?" त्या म्हणाल्या. मग, "पाय पूस आधी. सारं पिवळं करून राहिला घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद मागितला. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाल्या, "नको, मी लिहिते." लग्नानंतर रात्रशाळेत जाऊन शिकलेलं अक्षर, प्रत्येक ओळीला जोर लावून काढलेलं. जेवणाच्या टेबलावर त्या तीन तास बसल्या होत्या. मधे एकदा विचारलं, "शपथपत्रातला श कोणता?" बाकी काही विचारलं नाही. लिहिलेलं माझ्याकडे सरकवलं.

माझी पहिली मुलगी वैशाली साडेचार वर्षांची होऊन तापाने वारली. माझ्या सुनेचे नाव पण वैशाली होते. मला ते नाव घेता येत नव्हते म्हणून लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मी तिचे नाव सुजाता ठेवले. तिला विचारले नाही. वैशाली आणि सुजाता ही माझी एकच सून आहे. हे खरे आहे.

मी इतकी वर्षं कागद तपासतेय. त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता. 'तिला विचारले नाही' याची ऑफिसला गरज नव्हती. मी ते खोडायला सांगितलं नाही.

पार्सल पाठवायच्या दुकानात एक नोटरी बसते, कुरळ्या केसांची तरुण मुलगी. नितीन अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आम्हाला घेऊन गेला. दीड महिन्यात मी पहिल्यांदा गाडीत बसले होते. रस्त्याकडेची झाडं मधल्या काळात हिरवी होऊन गेली होती, ते मला काचेतून कळलंच नव्हतं. नोटरीनं पासपोर्ट बघितला, शपथ घ्यायला लावली, मैत्रीनं मराठीत सांगितली. सासूबाईंनी उजवा हात वर केला तो नोटरी थांबा म्हणेपर्यंत खाली घेतला नाही. मराठी सहीकडे बघून ती मुलगी म्हणाली, "किती सुंदर दिसतं हे." शिक्का मारला. मूळ कागद मराठीच राहिला, वकिलानं त्याचं भाषांतर करवून वर लावलं आणि मुदतीच्या चार दिवस आधी पाठवलं.

कार्ड मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. टपालाची गाडी करकरली तेव्हा मी अंघोळीला गेले होते. सासूबाईंनीच पाकीट उघडलं, फोटो बघितला, आणि बाथरूमच्या दाराशी येऊन ओरडल्या, "सुजाता, तुझं आलं वो!" डेनिसनं जागा राखली होती. पहिल्या दिवशी मी सहा फाइली तपासल्या, दोन परत पाठवल्या. एकीवर नाव जुळत नव्हतं. 'कारण लिहून आणा' असं लिहायच्या आधी मी बहुधा थोडा जास्त वेळ थांबले असेन. पण लिहिलं.

राहिलेले नऊ भाग आम्ही शनिवार-रविवार करून संपवले. दासीचं पुढे काय झालं ते मालिकेत नव्हतं. कादंबरीत आहे, मैत्री म्हणते, वाच म्हणते. ती आता कॉलेजला गेलीय. मी अजून वाचलेली नाही.

मला अजून घरात सुजाताच म्हणतात. वैशाली परत घ्यावं असं कोणी सुचवलं नाही, मलाही वाटलं नाही. फक्त संजय फोनवर वैशू म्हणतो तेव्हा सासूबाई जवळपास असल्या तर मी आता फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जात नाही, आणि त्याही उठत नाहीत.

सासूबाई नागपूरला आहेत. काल व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गाडी दाखवली. "आली का तुमची हळद?" त्या म्हणाल्या. मग सांधेदुखी, शेजारणीचा नवा फ्रिज, एक नवी मालिका, साठ भागांची. आणि मग, दरवर्षी या दिवसांत विचारतात तेच, ठेवायच्या आधी, सहज आठवल्यासारखं.

"अन् सुजाता, तो माझा कागद. ते लोक फेकत तर नाही ना?"

त्या मुलीचा फोटो नाही. जन्माचा दाखला काढला नव्हता, मृत्यूचा हरवला. शाळेत नाव घालायचं वय झालंच नाही. तिचं नाव जगात एकाच कागदावर लिहिलेलं आहे, आणि तो अमेरिकेतल्या कुठल्याशा ऑफिसात माझ्या फाइलीत आहे. माझ्या धंद्यात प्रत्येक कागदाला नष्ट करण्याची तारीख असते. ती ठरवण्याचं कामही मी केलंय. त्या कागदाची तारीख कोणती, ती अजून यायची आहे की होऊन गेली, मला माहीत नाही. मी शोधलेलंही नाही.

"नाही आई," मी म्हणाले. "असले कागद ते फेकत नाहीत."